विषाची छाटणी

इम्युनोटॉक्सिन म्हणजे दोन कामे करणारा एकच प्रथिनाचा रेणू. त्याचे एक टोक आजारी पेशी ओळखून तिला चिकटते आणि दुसरे टोक त्या पेशीच्या आत शिरून तिला मारते. ओळखणारे टोक बहुधा प्रतिपिंडाचा, म्हणजे अँटिबॉडीचा, तुकडा असतो. काही वेळा शरीरातच तयार होणारे आणि ठरावीक रिसेप्टरवर जाऊन बसणारे एखादे प्रथिन असते. मारणारे टोक जिवाणूच्या किंवा वनस्पतीच्या विषातून घेतलेले असते. ही दोन्ही टोके निसर्गात तयार मिळतात आणि ती जोडण्याचे तंत्र प्रयोगशाळांच्या अंगवळणी पडले आहे. कस लागतो तो काढून टाकण्यात. विषाच्या रेणूतले काय ठेवायचे, काय कापायचे आणि कापल्यावर उरलेला भाग आपले काम करण्याइतका शाबूत राहतो का, हे पाहण्यात माणसांची उभी कारकीर्द गेली आहे. या क्षेत्रात आजवर जे साधले ते मुख्यतः छाटणीने साधले.

औषध म्हणून विषच का निवडावे, याला दोन कारणे आहेत. रूढ केमोथेरपी मुख्यतः विभागणाऱ्या पेशींवर काम करते. हळू वाढणारी किंवा बराच काळ नुसती पडून राहणारी आजारी पेशी तिच्या तावडीतून सुटू शकते. उलट केसांच्या मुळांतल्या, आतड्याच्या अस्तरातल्या आणि अस्थिमज्जेतल्या निरोगी पेशी सतत विभागत असल्यामुळे त्या नाहक मरतात. प्रथिनविषे पेशीतील प्रथिननिर्मितीच बंद पाडतात, आणि प्रथिने न बनवता कोणतीही पेशी फार काळ जगत नाही, मग ती विभागत असो वा नसो. दुसरे कारण त्यांच्या ताकदीचे. ही विषे एन्झाइम आहेत. एका लक्ष्यावर काम झाले की तोच रेणू पुढच्या लक्ष्याकडे वळतो. एरंडाच्या विषाचा मारक भाग मिनिटाला हजाराहून अधिक रायबोसोम निकामी करू शकतो. जपानमधील यामाइझुमी आणि सहकाऱ्यांनी १९७८ साली घटसर्पाच्या विषाचा मारक तुकडा थेट पेशींच्या आत सोडून मोजमाप केले, तेव्हा एका पेशीचा जीव घ्यायला एक रेणू पुरतो असे दिसले. तो एक रेणू भलत्या पेशीत जाऊ नये ही या कामातली सर्वांत कडक अट आहे, आणि ती या ताकदीमुळेच पडते.

या विषांची शास्त्रीय ओळख एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाली आणि तिचा एक धागा भारतातून जातो. वॉर्डन आणि वॅडेल यांनी गुंजेच्या बियांतल्या विषावरचा आपला अभ्यास १८८४ साली कलकत्त्यात प्रसिद्ध केला. ही तीच लाल-काळी गुंज, जिने सोनारांनी पिढ्यान्‌पिढ्या सोने तोलले. तिचा घातक गुण कुठल्याशा जंतूमुळे येतो असे तेव्हा काहींचे म्हणणे होते; तो बियांमधल्याच द्रव्याचा आहे असे या दोघांनी दाखवले. १८८८ साली डोर्पाट, म्हणजे आजच्या एस्टोनियातील टार्टू येथे, श्टिलमार्क यांनी एरंडाच्या बियांतून रायसिन वेगळे काढले. हे विष एरंडेल तेलात उतरत नाही, पेंडीत राहते. त्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत रू आणि येर्सिन यांनी घटसर्पाचे जिवाणू गाळून काढले आणि उरलेला द्रवही प्राण्यांना मारतो हे सिद्ध केले. जर्मनीत पाउल एर्लिख यांनी १८९१ च्या सुमारास उंदरांना रायसिन आणि गुंजेतले अ‍ॅब्रिन थोडेथोडे देऊन त्यांच्यात त्या विषांविरुद्ध प्रतिकारशक्ती निर्माण केली. रोगालाच नेमके गाठणाऱ्या ‘जादूच्या गोळी’ची कल्पना पुढे त्यांनीच मांडली. विष आणि त्याला अचूक ओळखणारी प्रतिपिंडे एकाच शास्त्रज्ञाच्या टेबलावर होती. त्यांचा एक रेणू करण्याची साधने हाती यायला मात्र जवळजवळ ऐंशी वर्षे जावी लागली.

१९७० साली बॉस्टनमध्ये मूल्टन आणि कूपरबँड यांनी घटसर्पाचे विष प्रतिपिंडांना रासायनिक दुव्याने जोडले आणि गालगुंडाच्या विषाणूने बाधित पेशी निवडून मारून दाखवल्या. तेव्हाची प्रतिपिंडे प्राण्यांच्या रक्तातून येत आणि त्यांत नाना प्रकारचे रेणू मिसळलेले असत. १९७५ साली केंब्रिजमध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच प्रकारचे प्रतिपिंड हवे तितके बनवण्याची रीत शोधली आणि ही अडचण दूर झाली. तेव्हापासून प्रश्न विषाच्या बाजूचा उरला. त्यासाठी विषाचा रेणू आतून समजून घेणे भाग होते.

घटसर्पाच्या विषात ५३५ अमिनो आम्ले एका ओळीत असतात आणि त्या ओळीचे तीन भाग पडतात. शेवटचा भाग पेशीच्या पृष्ठभागावरील एका प्रथिनाला धरतो. पेशी त्या जोडीला आपल्या पडद्याच्या खिशात गुंडाळून आत ओढून घेते. फ्युरिन नावाचे पेशीचेच एन्झाइम विषाला एका ठरावीक जागी चिरते. खिशात आम्लता वाढली की मधला भाग उलगडतो, पडद्यात रुततो आणि पहिल्या भागाला पलीकडे, पेशीद्रवात, जायला वाट करून देतो. हा पहिला भाग खरा मारेकरी. रायबोसोमवर प्रथिन विणले जात असताना त्याला एकेक घर पुढे सरकवणारे इलाँगेशन फॅक्टर-२ नावाचे प्रथिन असते. त्यातल्या एका हिस्टिडिनवर पेशी डिफ्थामाइड नावाची खास घडण करते. शरीरातल्या दुसऱ्या कोणत्याही प्रथिनात ती सापडत नाही. विषाचा पहिला भाग नेमक्या त्या घडणीवर एडीपी-रायबोज चिकटवतो. सरकवणारे यंत्र जागीच थांबते, विणकाम बंद पडते आणि काही काळाने पेशी मरते.

स्यूडोमोनास एरुजिनोसा हा जिवाणू डॉक्टरांना भाजलेल्या जखमांतल्या हिरवट पुवावरून परिचित आहे. त्याचे ‘एक्झोटॉक्सिन ए’ हे विष शेवटी त्याच डिफ्थामाइडवर तोच घाव घालते, पण त्याची रचना उलट्या क्रमाची आहे. ६१३ अमिनो आम्लांच्या या साखळीत पेशीला धरणारा भाग सुरुवातीला येतो, पेशीच्या आतल्या प्रवासाचा मध्ये आणि मारणारा शेवटी. अगदी टोकाची पाच अमिनो आम्ले या विषाला पेशीच्या आतल्या जाळीपर्यंत, म्हणजे एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलमपर्यंत, उलट दिशेने नेतात. आपली प्रथिने आपल्याच आवारात परत आणण्यासाठी पेशीने जी व्यवस्था उभारली आहे, तिचाच हे विष फायदा घेते. रायसिनचा मार्ग आणखी वेगळा. त्याची बी-साखळी पृष्ठभागावरच्या गॅलॅक्टोजला धरते आणि ए-साखळी रायबोसोमच्या आरएनएमधून एकच ॲडिनीन काढून टाकते. एवढ्याने तो रायबोसोम कायमचा निकामी होतो. गॅलॅक्टोज जवळजवळ प्रत्येक पेशीवर असते, म्हणून रायसिन कोणालाच सोडत नाही.

या रचनेतच पहिल्या छाटणीची जागा दिसते. पेशीला धरणारा विषाचा मूळ भाग राहिला, तर प्रतिपिंड कितीही अचूक असले तरी रेणू स्वतःच्या सवयीने भलतीकडेही चिकटणार. सुरुवातीची रासायनिक जोडणीची औषधे इथेच अडली. त्यांत दुसराही दोष होता. रासायनिक दुवा प्रतिपिंडाच्या नेमक्या कोणत्या जागी बसेल यावर ताबा नसे. एकाच बाटलीत काही रेणूंना एक विष लागलेले, काहींना दोन, काहींना एकही नाही, आणि काहींत ओळखणारे टोकच झाकले गेलेले. शिवाय पूर्ण प्रतिपिंडाचे वजन सुमारे दीड लाख डाल्टन. एवढा थोराड रेणू गाठीच्या आत खोलवर पोहोचायला वेळ लावतो.

उत्तर जनुकांच्या पातळीवर सापडले. विषाच्या जनुकातून नको असलेला भाग काढून टाकायचा, त्या जागी ओळखणाऱ्या प्रथिनाचे जनुक जोडायचे आणि अख्खी ओळ ई. कोलाय जिवाणूकडून एकाच साखळीत लिहून घ्यायची, असा हा मार्ग होता. त्यामुळे प्रत्येक रेणूची साखळी तंतोतंत सारखी येते. बॉस्टन विद्यापीठातील जॉन मर्फी यांच्या गटाने १९८७ मध्ये घटसर्पाच्या विषाचा धरणारा भाग काढून तिथे इंटरल्यूकिन-२ हे शरीरातलेच प्रथिन बसवले. प्रतिपिंडाच्या बाबतीत अडचण अशी की त्याची ओळखण्याची जागा दोन वेगवेगळ्या साखळ्यांची मिळून बनते. १९८८ साली त्या दोन साखळ्यांची टोके अमिनो आम्लांच्या लवचीक दोरीने जोडून एकच साखळी करण्याची युक्ती निघाली. तिचे वजन जेमतेम पंचवीस हजार डाल्टन. १९८९ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या शोधनिबंधात अशी एकसाखळी आणि स्यूडोमोनासचे छाटलेले विष यांचा संयोग वर्णिला गेला. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत, बेथेस्डा येथे, आयरा पास्तान आणि डेव्हिड फिट्झजेराल्ड यांच्या गटात हे काम झाले आणि निबंधाचे पहिले लेखक होते विजय चौधरी. पुढे ते दिल्ली विद्यापीठाच्या साउथ कॅम्पसमध्ये आले. त्याच गटात काम केलेले जनेंद्र बत्रा यांनी दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षाशास्त्र संस्थेत विषारी प्रथिनांवरचे संशोधन चालू ठेवले.

स्यूडोमोनासच्या विषाची पुढची वाटचाल म्हणजे छाटणीच्या कसबाचा वस्तुपाठ आहे. मूळ विष ६६ हजार डाल्टनचे. पेशीला धरणारा पहिला भाग काढला तेव्हा पीई४० उरले. मधल्या एका पट्ट्याचा काही उपयोग नाही असे दिसल्यावर तोही गेला आणि पीई३८ तयार झाले. ओळखणारी एकसाखळी काही वेळा सैल पडते आणि रेणू एकमेकांत गुंततात, म्हणून तिच्यातली लवचीक दोरीच काढली. तिच्या जागी दोन्ही अर्ध्यांत नेमक्या एकेका ठिकाणी सिस्टीन घालून त्यांना गंधकाच्या बंधाने एकत्र बांधले. या सांगाड्यावर बी-पेशींवरील सीडी२२ हे प्रथिन ओळखणारे टोक बसवून बीएल२२ हे औषध झाले. मग नजर ओळखणाऱ्या टोकाकडे वळली. त्याच्या पकडीच्या गाभ्यातल्या सेरिन, सेरिन, टायरोसिन या तीन अमिनो आम्लांऐवजी थ्रिओनिन, हिस्टिडिन, ट्रिप्टोफॅन घातली, तेव्हा सीडी२२ वरची पकड दसपटीहून अधिक घट्ट झाली. हे तीन बदल विषाणूंच्या अंगावर प्रतिपिंडांचे असंख्य नमुने दाखवून त्यांतून चाळून काढले होते. साठ हजारांहून जास्त डाल्टनच्या रेणूत तीन अमिनो आम्ले बदलली आणि वेगळेच औषध हाती आले. पुढे त्यालाच मोक्सेटुमोमॅब पासुडोटॉक्स हे नाव मिळाले.

कागदावरचा असा रेणू बाटलीत उतरवणे हे वेगळे कसब आहे. ई. कोलायला प्रतिपिंडाच्या तुकड्याची नीट घडी घालता येत नाही. प्रथिन भराभर तयार होते आणि पेशीच्या आत चुकीच्या घडीचे घट्ट गोळे साचतात. त्यांना इन्क्लुजन बॉडी म्हणतात. जिवाणू फोडून, डिटर्जंटने पुन्हापुन्हा धुऊन सेंट्रिफ्यूज केले की नळीच्या तळाशी पांढरट पेलेट उरतो. तो पेलेट सहा-सात मोलर ग्वानिडीनमध्ये विरघळवतात. त्या तीव्र द्रावणात प्रथिनाची सगळी घडी मोडते आणि सोबत घातलेल्या द्रव्याने गंधकाचे बंधही सुटतात. मग हे द्रावण थंडगार बफरच्या जवळजवळ शंभरपट आकारमानात झपाट्याने सोडायचे. बफरमध्ये आर्जिनीन असते. ते साखळ्यांना एकमेकींना चिकटू देत नाही. ऑक्सिडाइज्ड ग्लुटाथायोन असते. त्याच्या मदतीने योग्य सिस्टीन योग्य जोडीदार शोधतात. दहा अंश सेल्सियसच्या आसपास हे भांडे दीड-दोन दिवस ठेवतात. या काळात द्रावण स्वच्छ राहिले तर घडी बसते आहे असे समजायचे. गढूळ झाले तर साखळ्या एकमेकींत अडकून गाळ होतो आहे. नंतर डायलिसिस, आयन-एक्स्चेंजचा कॉलम, मग आकारानुसार वेगळे करणारा कॉलम. शेवटच्या कॉलममधून एकट्या रेणूंचे शिखर वेगळे आणि गुंतलेल्या रेणूंचे शिखर त्याच्या आधी येते. दोन्हींमधली दरी ओळखून नेमक्या नळ्या निवडणे हाताला आणि डोळ्याला लागलेल्या वळणाचे काम आहे, आणि त्यावर रुग्णाची सुरक्षितता अवलंबून असते. गुंतलेले रेणू काम करत नाहीत आणि शरीराला चेतवतात. ई. कोलायच्या कवचातला एंडोटॉक्सिनचा अंशही राहू देऊन चालत नाही, कारण तो एकटा ताप आणि रक्तदाबाची घसरण घडवू शकतो.

तयार रेणूची परीक्षा शहाण्णव खणांच्या प्लेटवर होते. एका ओळीत लक्ष्य धारण करणाऱ्या पेशी, दुसरीत लक्ष्य नसलेल्या. औषध दसपटीने पातळ करत नेतात आणि दोन-तीन दिवसांनी रंग घालून जिवंत पेशींचा अंदाज घेतात. निम्म्या पेशी ज्या प्रमाणाला मरतात तो आकडा चांगल्या औषधात मिलिलिटरला काही नॅनोग्रॅम किंवा त्याहूनही कमी असतो. नवख्याचे लक्ष साहजिकच या आकड्याकडे जाते. जाणत्याचे लक्ष आधी दुसऱ्या ओळीकडे जाते, कारण लक्ष्य नसलेल्या पेशी किती प्रमाणापर्यंत तग धरतात यावर औषधाची लायकी ठरते. त्याच्या जोडीला आणखी दोन कसोट्या लावतात. नुसते प्रतिपिंड जास्त प्रमाणात घालून दार अडवले की औषध निष्प्रभ व्हायला हवे. मारणाऱ्या भागातील ५५३ व्या जागेचे ग्लुटामेट काढून विष निर्जीव केले की बाकी सगळे तसेच असूनही पेशी जगायला हव्यात. या दोन्हींत रेणू उत्तीर्ण झाला तरच पेशी औषधामुळे मेल्या असे छातीठोकपणे म्हणता येते.

लक्ष्य कोणते निवडायचे हा या सगळ्यापेक्षा मोठा निर्णय. स्यूडोमोनासचे विष जोडलेले ओव्हीबी३ हे प्रतिपिंड बीजकोशाच्या कर्करोगावर वापरून पाहिले गेले. काही रुग्णांच्या मेंदूवर त्याचा विषारी परिणाम झाला आणि मग कळले की ते प्रतिपिंड मेंदूच्या निरोगी ऊतींनाही चिकटते. मेसोथेलिन हे प्रथिन मेसोथेलिओमा, बीजकोश आणि स्वादुपिंडाच्या कर्करोगात भरपूर असते, पण फुप्फुस, हृदय आणि पोटाच्या आवरणावरही ते असते. म्हणून मेसोथेलिनवरच्या औषधाचा डोस वाढवताना फुप्फुसाच्या आवरणाला सूज येऊ लागली. त्या मानाने सीडी२२ सोयीचे. ते बी-पेशींवर असते आणि चिकटलेली वस्तू चटकन आत ओढते. रक्ताच्या मूळ पेशींवर आणि प्रतिपिंडे बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशींवर ते नसते. निरोगी बी-पेशी मेल्या तरी मूळ पेशींपासून त्या पुन्हा तयार होतात. जे लक्ष्य काही काळ गमावले तरी शरीराचे अडत नाही, ते चांगले लक्ष्य.

हेअरी सेल ल्युकेमिया हा बी-पेशींचा विरळा, हळू वाढणारा रक्ताचा कर्करोग. सूक्ष्मदर्शकाखाली त्या पेशींच्या कडांना केसांसारखे धागे दिसतात. क्लॅड्रिबीन या औषधाने बहुतेक रुग्णांना दीर्घ आराम मिळतो, पण काहींचा आजार त्यालाही दाद देत नाही. रॉबर्ट क्रेटमन, पास्तान आणि सहकाऱ्यांनी अशा १६ रुग्णांना बीएल२२ दिले. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत ११ जणांत आजाराची सगळी लक्षणे मावळली होती आणि दोघांना अंशतः गुण आला होता. मोक्सेटुमोमॅबच्या मोठ्या चाचणीत ८० रुग्ण होते. ७५ टक्क्यांना गुण आला आणि ४१ टक्क्यांत आजार पूर्ण हटला. सप्टेंबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली. यांतल्या प्रत्येक रुग्णावर आधीचे उपचार थकले होते, हे ध्यानात घेतले की या आकड्यांचे मोल कळते.

विषाची किंमत रुग्णाच्या खाटेशी दिसते. या गटातल्या औषधांनी केशवाहिन्यांच्या भिंती सैल होतात आणि रक्तातला द्रव ऊतींत झिरपतो. अल्ब्युमिन घसरते, वजन वाढते, पाय सुजतात, रक्तदाब उतरतो. वेळीच आवरले नाही तर जीवावर बेतते. टॅग्राक्सोफस्प हे औषध घटसर्पाच्या छाटलेल्या विषाला इंटरल्यूकिन-३ जोडून केलेले आहे. बीपीडीसीएन नावाच्या दुर्मीळ आणि आक्रमक रक्तविकारासाठी त्याला डिसेंबर २०१८ मध्ये मान्यता मिळाली. पहिल्यांदाच उपचार घेणाऱ्या, पूर्ण डोसच्या २९ रुग्णांपैकी ९० टक्क्यांना त्याने गुण आला. ते सुरू करण्याआधी अल्ब्युमिन डेसीलिटरला ३.२ ग्रॅम तरी असावे लागते. पहिल्या फेरीत रुग्ण रुग्णालयातच राहतो. रोज डोसच्या आधी त्याला काट्यावर उभे करतात, आणि कालच्यापेक्षा वजन दीड किलो किंवा जास्त वाढलेले दिसले की डोस थांबवून शिरेतून अल्ब्युमिन देतात. मोक्सेटुमोमॅबमध्ये लाल पेशी फुटून मूत्रपिंड अडण्याचा धोका वेगळा. म्हणून डोसच्या आधी आणि नंतर एकेक लिटर द्रव शिरेतून देत आणि पहिले आठ दिवस रोज तीन लिटरपर्यंत पाणी प्यायला सांगत. रेणूची कारागिरी कितीही सफाईची असो, तिला पूर्ण करणारा हात वजनाचा काटा वाचणाऱ्या परिचारिकेचा असतो.

दुसरा अडसर शरीराच्या स्मृतीचा. आपल्याकडे त्रिगुणी लस घेतलेल्या प्रत्येक माणसाला घटसर्पाच्या विषाची ओळख करून दिलेली असते. लाखो मुलांचा जीव वाचवणारी हीच प्रतिकारशक्ती घटसर्पाच्या विषापासून केलेल्या औषधालाही अडवू शकते. स्यूडोमोनासचे विष बहुतेकांच्या शरीराला नवे असते, पण एक-दोन फेऱ्यांत प्रतिपिंडे तयार होतात आणि पुढचे डोस रक्तातच निकामी होतात. हेअरी सेलच्या रुग्णांत हे कमी घडते, कारण त्या आजारात प्रतिपिंडे बनवणारी यंत्रणाच दुबळी असते. स्यूडोमोनासच्या विषापासून केलेल्या औषधांचे यश इथेच का ठळक दिसले, याचे हे एक कारण. पास्तान यांच्या गटाने प्रतिपिंडे विषाला कुठे धरतात त्या जागा एकेक करून शोधल्या आणि तिथली अमिनो आम्ले बदलली. मधल्या भागातून फ्युरिन जिथे चिरते तेवढा तुकडा ठेवून बाकी जवळजवळ सगळा काढला आणि पीई२४ तयार केले. उंदरांना त्याचा डोस कितीतरी जास्त सोसला. तरीही रुग्णांमध्ये प्रतिपिंडे तयार होतच राहिली. दुसरा मार्ग रुग्णाची प्रतिकारशक्ती काही काळ दाबण्याचा. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मेसोथेलिओमाच्या दहा रुग्णांना मेसोथेलिनवरच्या औषधासोबत पेंटोस्टॅटिन आणि सायक्लोफॉस्फमाइड दिले, तेव्हा तिघांच्या गाठी मोठ्या प्रमाणात आक्रसल्या. केमोथेरपीला न जुमानणाऱ्या गाठींच्या बाबतीत ही छोटी गोष्ट नव्हती.

पेशीही निसटण्याच्या वाटा शोधतात. काही पेशी पृष्ठभागावरचे लक्ष्य कमी करतात. काही डिफ्थामाइड घडवणाऱ्या जनुकांपैकी एखादे बंद करतात; मग विष आत पोहोचले तरी त्याला घाव घालायला जागाच सापडत नाही. टॅग्राक्सोफस्पला न जुमानणाऱ्या पेशींत डीपीएच१ हे जनुक मिथाइल खुणांनी झाकले गेलेले दिसले आणि त्या खुणा पुसणारे ॲझासायटिडीन दिल्यावर प्रयोगशाळेत त्या पेशी पुन्हा औषधाला बळी पडू लागल्या. जनुक हरवलेले नसून झाकलेले आहे हे कळल्यामुळेच ही जोडी सुचली.

घट्ट गाठींच्या कर्करोगात प्रगती संथ आहे. हे रेणू रक्तात काही तासांतच निम्मे होतात आणि तेवढ्या वेळात गाठीच्या गाभ्यापर्यंत पुरेशा प्रमाणात पोहोचत नाहीत. म्हणून औषध थेट जागेवर नेण्याचे प्रयत्न झाले. मूत्राशयाच्या वरच्या थरातल्या कर्करोगासाठी स्यूडोमोनासच्या विषाचे एक औषध नळीने मूत्राशयात सोडले गेले. रक्तात फारसे न गेल्यामुळे केशवाहिन्यांचा त्रास टळला, पण २०२१ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली नाही. कर्करोगाबाहेरही प्रयत्न झाले. १९८८ मध्येच एचआयव्हीबाधित पेशी मारण्यासाठी सीडी४ हे प्रथिन आणि स्यूडोमोनासचे विष जोडले गेले होते. परीक्षानळीत ते प्रभावी ठरले, रुग्णांत यकृताला सोसले नाही.

औषध सिद्ध होणे आणि रुग्णापर्यंत पोहोचत राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या क्षेत्राने ते कटूपणे अनुभवले आहे. मर्फी यांच्या कामातून आलेले डेनिल्यूकिन डिफ्टिटॉक्स हे या पद्धतीचे मान्यता मिळालेले पहिले औषध. त्वचेच्या टी-पेशी लिम्फोमासाठी १९९९ साली ते आले. ई. कोलायमधून शुद्ध, न गुंतलेले रेणू सातत्याने काढणे कठीण गेले आणि २०१४ मध्ये ते बाजारातून गेले. उत्पादनाची रीत सुधारून तेच प्रथिन जपानमध्ये २०२१ मध्ये आणि अमेरिकेत ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा मान्य झाले. मोक्सेटुमोमॅबची गोष्ट उलट घडली. ते काम करत होते, पण रुग्ण थोडे, देण्याची रीत अवघड आणि दुसरी औषधे उपलब्ध. २०२३ मध्ये अमेरिकेतला त्याचा पुरवठा बंद झाला. काही दशकांचे श्रम ज्या रेणूत साठले आहेत तो केवळ मागणी कमी म्हणून रुग्णाच्या हाताबाहेर जावा, ही खेदाची बाब आहे. विरळ्या आजारांच्या औषधांसाठी बाजारापलीकडची व्यवस्था हवी. सार्वजनिक संस्थांत जन्मलेल्या रेणूंबाबत ही मागणी अधिकच न्याय्य ठरते.

आज या कसबाची मर्यादा आणि जागा दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट आहेत. आजारी पेशी रक्तात किंवा रक्ताच्या सहज आवाक्यात असाव्यात. लक्ष्य असे असावे की ते धारण करणाऱ्या निरोगी पेशी काही काळ गेल्या तरी शरीर निभावून नेईल. रुग्णाची प्रतिकारशक्ती दुबळी किंवा दाबता येण्याजोगी असावी, आणि पेशींत डिफ्थामाइड शाबूत असावे. या अटी जुळल्या तिथे इम्युनोटॉक्सिनने इतर उपचार हरलेल्या रुग्णांचा आजार पूर्ण हटवून दाखवला आहे. इथून पुढचे काम कोणत्या दिशेने व्हायला हवे हेही त्यातूनच ठरते. प्रतिकारशक्तीला ओळखू न येणारे विषाचे तुकडे हवेत, केशवाहिन्यांना न दुखावणारी रचना हवी आणि स्वस्तात, सातत्याने, स्वच्छ घडी देणारे उत्पादन हवे. विषाची ताकद पहिल्या दिवसापासून पुरेशी होती, म्हणून प्रत्येक नव्या रेणूला पहिला प्रश्न हाच विचारायचा असतो की याच्यातून अजून काय काढता येईल.